बूट काढून खेळणाऱ्या काकू

पाचोळ्यावरून कुणी अनवाणी चालत जातं तेव्हा होतो, तो आवाज. बुटाखाली पान लगेच फुटतं. अनवाणी पायाखाली ते आधी दबतं, क्षणभर विचार करतं आणि मग फुटतं. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा कॅनडातल्या मिसिसागात जानेवारी होता, दाराबाहेर गुडघाभर बर्फ होता आणि त्या गल्लीतलं शेवटचं पान पडूनही दोन महिने उलटले होते. तिथल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी आदल्याच दिवशी राहायला आले होते. छतातल्या हीटिंगच्या जाळीतून ऊब खाली उतरत होती आणि तिचं बोट धरून ती पावलं: सहासात पावलं, थांबणं, पुन्हा सहासात पावलं. मग पाण्याची खळखळ. आणि मग त्या सगळ्यावर तरंगत आलेला, वयस्क पण घासलेल्या घंटेसारखा स्वच्छ आवाज:

"बाप्पा! काय नदी केली आहे पोट्ट्यांनी!"

मी जिना चढून वर गेले. दिवाणखान्यात, भिंत व्यापणाऱ्या टीव्हीसमोर एका बुटक्या स्टुलावर एकाहत्तर वर्षांच्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, तिच्यावर मुलाचा जुना जाड स्वेटर, पायांत जांभळे लोकरी मोजे. हातात खेळाचा कंट्रोलर होता, आणि त्याला मोरपंखी लोकरीचं, क्रोशानं विणलेलं झबलं घातलेलं होतं. प्रत्येक बटणासाठी नेमकं एकेक भोक. पडद्यावर एक दाढीवाला, दोन दारं रुंद असा योद्धा नदीकाठी उभा होता. त्याच्या अंगावर चिलखत होतं, डोक्यावर शिरस्त्राण होतं, पाठीवर कुऱ्हाड होती. पाय मात्र उघडे होते.

"ये, बस," मागे न पाहताच त्या म्हणाल्या. "नदी पाहा. बोलू नको फक्त. पाणी ऐकून राहिली मी."

आम्ही दोघी ते पाणी ऐकत बसलो. चहा किती वेळानं झाला ते आठवत नाही.

त्या माझ्या घरमालकीण. पुढची तीन वर्षं मी त्यांना काकू म्हणत राहिले, आणि आता ग्वेल्फमधल्या माझ्या घरात, जिथे जाळीतून फक्त हवा येते, त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. डोक्यावर हेडसेट चढवून अनोळखी माणसांच्या सहवासात बसणं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. "लोक म्हणतात, या वयात हे काय शिकल्या," त्या सांगत. "यात शिकण्यासारखं काय आहे? कानाला लाईन, हाताला खुंट्या. मी तर पुन्हा कामावर रुजू झाली."

पडद्यावरच्या त्या योद्ध्याला त्या 'आमचा गडी' म्हणत. पंचवीस तऱ्हेच्या वीरांमधून त्यांनी याचीच निवड का केली, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "हाच एक काम करणारा दिसला. बाकीचे सगळे लग्नाला निघाल्यासारखे." गड्याची प्रत्येक वस्तू वेगळी चढवता-उतरवता येई. काकूंचा सारा जगावेगळेपणा या एका सोयीवर फुलला होता. कुठल्याही घरात शिरण्यापूर्वी त्या खेळ थांबवत, सामानाची यादी उघडत, बूट उतरवत, मग आत जात. बाहेर आल्यावर पुन्हा यादी, पुन्हा बूट. झोपडी असो, किल्ला असो, चेटकिणीची गुहा असो. जिथे चूल आहे ते घर, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि ते अरण्य, ज्याचा पाचोळा मी खाली ऐकला होता, ती त्यांच्या मते देवराई होती. तिच्यात बूट घालून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"काकू, त्यानं गड्याची ताकद कमी होते ना?"

"होऊ दे. ही गेम मॉन्ट्रियलच्या पोट्ट्यांनी केली म्हणे. या देशात प्रत्येक घरी माणूस बूट दाराशी काढते. प्लंबर आला तरी काढते. मग गेम करताना कुठे गेलं होतं ध्यान?"

रविवारी सकाळी मी केलेल्या फोडणीच्या पोळीबरोबर त्या आठवड्यातल्या खेळांवर अभिप्राय देत. अभिप्राय हा त्यांचाच शब्द. मोहरी तडतडून शांत झाली, हिंगाचा वास पडद्यांत शिरला, की त्या पदर सावरून उभ्या राहत आणि बोलू लागत. एखादा खेळ जिंकता येतो का, या गोष्टीत त्यांना काडीचा रस नव्हता. पाण्याला आवाज आहे का, विहिरीचं आणि नळाचं पाणी वेगळं वाजतं का, गावातली माणसं नमस्कार केला तर वळून पाहतात का, भातावर वाफ येते का आणि दमल्यावर बसता येतं का, इतकंच त्या पाहत.

मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ त्यांनी एका फेब्रुवारीत आणला. "रस्ता उत्तम," अभिप्राय सुरू झाला. "समुद्र डाव्या हाताला. इतका निळा, की मिठाचा वास येईल वाटते. पण लोक अतिशय बेशिस्त." त्या शर्यतीत काकू प्रत्येक वळणावर इंडिकेटर देत होत्या. कोपऱ्यावर थांबण्याची पाटी दिसली की गाडी पूर्ण थांबवून, मनातल्या मनात तीन मोजून, मग निघत. अकरा गाड्या त्यांना ओलांडून गेल्या, पुन्हा फिरून आल्या, पुन्हा ओलांडून गेल्या. शर्यत संपली, टाळ्या संपल्या, पडद्यावरचा सूर्यसुद्धा खाली आला, आणि काकूंची लाल गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं शहाण्यासारखी येतच होती.

"शेवटचा नंबर आला, काकू."

"म्हणजे समुद्र सगळ्यात जास्त मी पाहिला."

भुताच्या वाड्याचा खेळ त्यांनी मला आग्रहानं दाखवला. मी उशीआडून एका डोळ्यानं पाहत होते. काकू मात्र प्रत्येक खोलीत जाऊन गळते नळ बंद करत होत्या. "कुणी राहत नाही तर दिवे काऊन चालू आहेत?" असं पुटपुटत त्यांनी तिन्ही मजल्यांवरचे दिवे मालवले, आणि त्यामुळे तो वाडा निर्मात्यांच्या कल्पनेपलीकडे भयाण झाला. अखेर काळोखातून ती आली: पांढरी, ओली, जबडा छातीपर्यंत लोंबणारी. मी किंचाळले. काकू पडद्याकडे वाकल्या.

"अगं, केस पाहा हिचे. किती वर्षांत तेल नाही, माय." भूत ओरडत राहिलं, काकू पाहत राहिल्या. "एवढं मोठं घर आणि माणूस एक नाही. ओरडेल नाही तर काय करेल?"

खुद्द काकूंच्या घरात पाच खोल्या होत्या आणि वर त्या एकट्याच राहत होत्या. पण तसं काही मनात आलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्यांनी एक दार उघडून भुताला वाट करून दिली आणि म्हणाल्या, "जा, जरा हवेला जाऊन ये."

वरून ठोकळे पडतात आणि ते रचायचे असतात, तो जुना खेळ त्यांच्या लेखी 'बॅग भरायची गेम' होता. त्यात त्यांना कुणी हरवू शकत नसे. नागपूर ते टोरांटो असा प्रवास ज्यांनी जवसाची चटणी, मेथ्या आणि पितळी झारा तेवीस किलोंत बसवून केला आहे, त्यांना ठोकळे काय घाबरवणार? "फट दिसली की मोजा कोंबायचा," असा त्यांचा मंत्र होता. तक्रार एकच: "भरली की ओळच्या ओळ गायब! अरे, मग भरली कशाला?" शेतीच्या खेळावर त्या चिडल्या, कारण गोठ्याला वास नव्हता आणि सलगम चार दिवसांत येत होतं. अंतराळाच्या खेळाला त्यांनी तीन वाक्यांत निकालात काढलं. "सगळं आहे. शांतता तर फार सुंदर आहे. पण खिडकी उघडता येत नाही."

आणि बर्फाचा खेळ! एका शनिवारी सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. भुवयांवर दव गोठलं होतं, फावडं काँक्रीटवर खरवडत होतं. तेवढ्यात वरची खिडकी बोटभर उघडली आणि उत्तेजित आवाज आला, "अगं, सोड ते! आत ये लवकर! इथं आत किती बर्फ पडून राहिला!"

त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोळा बायका आल्या होत्या. पैठण्यांचा सळसळाट, ओल्या कोटांचा लोकरी वास, गुळाच्या पाकाचा गोड धूर. हळदीकुंकू झालं, वाण झालं, आणि बायका उठू लागल्या तशा काकूंनी टीव्ही लावला. "आता प्रत्येकीनं टेकडीवरून घोडा न्यायचा. त्याशिवाय हळदीकुंकू पुरं होत नाही आमच्यात."

आमच्यात म्हणजे कुणात, हे विचारण्याचं धाडस कुणी केलं नाही. रिचमंड हिलहून खास आलेल्या, मराठी मंडळाच्या चिटणीस असलेल्या एक बाई तेवढ्या बोलल्या. "काकू, हे मुलांचं आहे हो. आमच्याकडे स्क्रीन टाइम अर्धा तास. स्ट्रिक्टली."

"असू दे. तीळगूळ घे आणि घोडा घे."

चिटणीसबाईंनी नाइलाजानं, दोन बोटांत, मेलेला मासा धरावा तसा कंट्रोलर धरला. घोडा चालला. मग दुडक्या चालीनं पळाला. मग टेकडीचा माथा आला, खाली सगळी सोनेरी दरी उलगडली, वाऱ्यानं गवत आडवं झालं, आणि बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्यांनी शाळा सोडल्यापासून काढला नसावा. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी नथ काढून माझ्या हातात दिली होती, पदर खोचला होता, आणि त्या ओरडत होत्या, "हट्! बाजूला व्हा! अगं, उडी कशी मारतात ते सांगा ना कुणीतरी!"

"झाला तुमचा नंबर," मागची म्हणाली.

"एकच ओढा राहिलाय! एकच!"

बाहेर नवरे गाड्यांची इंजिनं चालू ठेवून बसले होते. आत सोळाच्या सोळा घोडे दरीत उतरले. मोरपंखी झबल्यावर हळदीची आणि कुंकवाची बोटं उमटली. काकूंनी ती कधीच धुतली नाहीत.

हे सारं त्यांना शिकवलं होतं त्यांच्या नातीनं, ईरानं. तेरा वर्षांची ईरा पूर्वी याच घरात, माझ्या डोक्यावरच्याच खोलीत राहायची. मुलाची नोकरी व्हँकूव्हरला गेली, मुलगा-सून गेले, ईरा गेली. काकूंनी नकार दिला. या गल्लीतली मेपलची रांग, सवयीची बस आणि भाजीवाल्या दुकानातली कढीपत्त्याची जागा त्यांना पाठ झाली होती. ते सगळं पुन्हा नव्यानं पाठ करण्याची हौस उरली नव्हती. जाण्याच्या आदल्या आठवड्यात ईरानं आजीला स्टुलावर बसवून गडी निवडायला लावला. स्वतः तिनं कोल्ह्याचा मुखवटा घातलेली एक चिमुकली धनुर्धारी घेतली. शनिवारी आपल्याकडे दुपारचे तीन, तिच्याकडे बारा. गावातल्या विहिरीपाशी भेटायचं, असं ठरलं.

मी तो भेटीचा सोहळा अनेकदा पाहिला आहे. बोलणं फारसं नसेच. "हाय, आजी." "आली का गं?" "याह." मग गडी पुढे, कोल्ही मागे. ती झाडावर चढून फळं पाडायची, हा गोळा करायचा. तो दाराशी थांबून बूट काढायचा, ती कौलांवर बसून पाय हलवत वाट पाहायची. कधी दोघं कड्यावर नुसतीच बसून राहत आणि व्हँकूव्हर ते मिसिसागा या साऱ्या पसाऱ्यावर एकच मावळती पडे.

"फोनवर काय बोलू मी तिच्याशी?" काकू एकदा म्हणाल्या. "तिचं मराठी अन् माझं इंग्लिश, दोन्ही 'जेवली का'पाशी संपते. इथं बरं आहे. इथं बोलावंच लागत नाही."

मग ईराला व्हँकूव्हरमध्ये मैत्रिणी मिळाल्या. त्याही हाच खेळ खेळत. खेळात एक नागमंदिर होतं, आणि पाच जणांच्या तुकडीशिवाय त्याचं दार उघडत नसे. त्या चौघी होत्या. ईरानं आजीला विचारलं. काकूंना काय आनंद झाला! आठवडाभर गडी खाणीत राबला. आगीवर चालण्याचे जाड, काळे बूट त्याच्यासाठी घडवले गेले. पाच जणींच्या वाटेवर धरायचा निळा दिवा गड्याच्या हाती देण्यात आला, कारण सगळ्यांत बळकट तोच. दिवा विझला तर सगळ्याच संपणार. काकूंनी त्या शनिवारी केस धुतले, ठेवणीतली साडी नेसली आणि मुलींचे आवाज टीव्हीवर मोठे लावले, मलाही ऐकू यावेत म्हणून.

दोन तास सगळं सुरेख चाललं. "गो, आजी, गो!" मुली ओरडत होत्या, आणि आजीचा गडी भुयारं, कोळी, पडत्या शिळा यांमधून दिवा सांभाळत जात होता. अखेर मंदिराचं दार आलं. प्रचंड, काळं, घंटा लावलेलं. आत नाग फुत्कारत होता. मुली धावत आत शिरल्या.

गडी उंबऱ्यावर थांबला.

"थांबा गं पोरींनो. देऊळ आहे."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी सामानाची यादी उघडली होती. त्यांचा अंगठा विचार न करता, जन्मभराच्या वळणानं, बुटांकडे चालला होता.

"आजी, नो! द फ्लोअर इज फायर! आजी!"

गडी अनवाणी पायांनी आत गेला. तीन पावलं. आगीचा तो चरचर आवाज अजून माझ्या कानात आहे. दिवा विझला, अंधार झाला, आणि त्या अंधारात एकामागून एक चार छोट्या किंकाळ्या. पडदा राखाडी झाला. कुणीतरी फसकन हसलं. "इज युअर ग्रँडमा फॉर रिअल?"

"सॉरी, गाइज," ईराचा आवाज आला. मग हळू, मैत्रिणींपुरता, "नेक्स्ट टाइम वी'ल गो विदाउट हर."

लाईन उघडी आहे हे ती विसरली होती. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई मात्र उघडी लाईन विसरत नाही. काकूंनी ऐकलं, आणि काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं टीव्ही बंद केला. "चहा करते," म्हणाल्या. चहात आलं घालायला त्या दिवशी पहिल्यांदा विसरल्या.

पुढच्या शनिवारी तीन वाजता गडी विहिरीपाशी उभा होता. ईराच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, पण ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच झालं. "ठिपका लागला ना, म्हणजे बरी आहे," असं म्हणून काकू तास-दीड तास गड्याला तिथेच उभं ठेवत. पाणी भरायला येणाऱ्या खेळातल्या बायका त्याला वळसा घालून जात. मुलाचा रविवारचा फोन येई, मागून "हाय आजी, बाय आजी" ऐकू येई आणि दार वाजल्यासारखं काही.

"तुम्हीच विचारा ना तिला, काकू."

"काय विचारू? माझं चुकलं. एवढ्या पोरींसमोर तिची मान खाली गेली माझ्यानं. आता बोलवायला मी काऊन जाऊ? यायचं असेल तर विहीर ठाऊक आहे तिला." कंट्रोलरचं झबलं सरळ करत त्या म्हणाल्या, "अन् नसेल यायचं तर मोठी झाली म्हणायचं."

असे आठ शनिवार गेले. रविवारचे अभिप्राय चालू राहिले, पण एकेका ओळीत आटपू लागले. डोंगरदऱ्यांच्या एका विलक्षण सुंदर खेळाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "आहे. चांगला आहे." मोहरी तडतडायची, हिंगाचा वास पडद्यांत शिरायचा, आणि त्या बसूनच असायच्या.

नवव्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर टीव्हीकडे बघायचं नाही. काकूंनी शुक्रवारी मला वर बोलावलं.

"उद्या तीनला विहिरीपाशी तू उभी राहशील."

"मी? काकू, मला दोन्ही अंगठे एकदम हलवता येत नाहीत."

"तुला हातपाय आहेत. गड्याला आहेत. जुळवून घ्या दोघं."

शनिवारी त्यांनी आपली आरामखुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवली, काळा चष्मा लावला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. मी बुटक्या स्टुलावर बसले. हेडसेटची वायर आखूड होती, स्टुलापलीकडे पोचत नसे. तो माझ्या डोक्यावर चढला. मोरपंखी झबलं हातात आलं, आतून कोमट.

"विहिरीपाशी पोचली?"

"नाही, काकू. एका अंगठ्यानं चालतंय, दुसऱ्यानं मान वळतेय. मान वळली की रस्ता बदलतोय."

"आता कुठे आहे?"

"तळ्यात."

"किती?"

"गळ्याइतक्या पाण्यात."

"बाप्पा," काकू समाधानानं म्हणाल्या. "पाणी कसं आहे, सांग."

मी सांगू लागले. पाणी कसं काठाशी हिरवं आणि मध्यावर जवळजवळ काळं आहे, कसं बदकांच्या मागे उघडतं आणि मिटतं, आकाश कसं हळदीचं पाणी सांडल्यासारखं झालंय.

"उपमा नको. रंग सांग."

"पिवळा. क्षितिजाशी केशरी."

"ढग?"

"तीन. लांबट. खालून गुलाबी."

त्या पडद्याकडे पाठ करून ते ढग बघत होत्या. थोड्या वेळानं, हळूच, "ते हळदीचं काय म्हणाली तू? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, गडी तळ्यातून बाहेर काढला, तो एका भिंतीवर आपटला, मागे सरताना एका बकरीवर पडला, बकरीनं त्याला ढुशी दिली. आम्ही दोघी हसत सुटलो. कित्येक आठवड्यांनी त्या घरात ते हसू वाजलं. काकूंच्या चष्म्याखालून पाणी गळायला लागलं. "अगं, हसवू नको, टाके निघतील!"

"मोतीबिंदूला टाके नसतात, काकू."

"मग डोळा निघेल!"

विहीर काही सापडेना. गडी एका भोपळ्याच्या मळ्यात शिरला आणि कुंपणाला डोकं टेकवून, जागच्या जागी पावलं टाकत, गोल फिरू लागला. मी दोन्ही अंगठ्यांनी धडपडत होते. एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि तिसऱ्या फेरीला मला कुंपणावर काहीतरी दिसलं. कोल्ह्याचा मुखवटा. पाठीवर धनुष्य. ती तिथे किती वेळ बसली होती कोण जाणे.

"काऊन गप्प झाली?" मागून काकू म्हणाल्या. "सांग ना. आता काय दिसून राहिलं?"

माझ्या कानात आधी एक श्वास आला. थरथरणारा. मग आवाज.

"आजी?"

मी गड्याला थांबवायला गेले, तो आणखी एकदा फिरला.

"आजी, व्हाय आर यू वॉकिंग लाइक दॅट?" आवाज मोठा होत गेला, हेडसेटबाहेर फुटत गेला. "यू ऑलवेज स्टँड बाय द वेल. एव्हरी सॅटरडे. आय सी यू फ्रॉम द रूफ. टुडे यू डिडन्ट कम, अँड यू'र जस्ट गोइंग अराउंड अँड अराउंड... आजी, आर यू सिक? इज इट युअर हँड? आजी, बोल ना. प्लीज, बोल ना!"

मी हेडसेट दोन्ही हातांनी धरला आणि वळले. आरामखुर्ची रिकामी होती. काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. काळा चष्मा कपाळावर सरकलेला, पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा हेडसेटकडे. खांद्यावरच्या हाताची बोटं इतकी घट्ट रुतली होती की दोन दिवस ती जागा दुखत राहिली.

"ऊठ."